सिल-४ सर्टिफिकेट कसं वाचायचं? रेल्वे सिग्नलिंगच्या सॉफ्टवेअरची सुरक्षा-तपासणी

रूटरिले

'कवच'ची (धोका दिसला की गाडी आपोआप थांबवणारी रेल्वेची यंत्रणा) बातमी आली की त्यात एक वाक्य हमखास असतं: "प्रणाली सिल-४ प्रमाणित आहे, म्हणजे दहा हजार वर्षांत एखादी चूक." सिल-४ म्हणजे सुरक्षा-पातळीची (सेफ्टी इंटेग्रिटी लेव्हल) सर्वात वरची पायरी. बातमीतलं वाक्य खोटं नाही, पण ते कशाबद्दल आहे हे कुणीच सांगत नाही. २०२० मध्ये 'कवच' राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलं गेलं. आधी ते दक्षिण मध्य रेल्वेच्या १,४६५ किलोमीटर मार्गावर बसलं आणि त्यात आपला मनमाड–नांदेड–मुदखेड पट्टाही आला. म्हणून हा धागा काढतोय.

पहिली गोष्ट, सर्टिफिकेट एकच नसतं. ईएन ५०१२९ या युरोपीय मानकाप्रमाणे सुरक्षेचा पुरावा (सेफ्टी केस) तीन थरांत मांडतात. पहिला थर उत्पादनाचा: कार्ड, प्रोसेसर, मूळ सॉफ्टवेअर. दुसरा त्या प्रकारच्या वापराचा, म्हणजे अमुक रेल्वेचे सिग्नलिंगचे नियम त्यात बसवले ते बरोबर आहेत का. तिसरा प्रत्यक्ष जागेचा: हे स्टेशन, हे पॉइंट (गाडीला रूळ बदलून देणारे सांधे), ही केबल, हा डेटा. कंपनी बहुतेक वेळा पहिल्या थराचं सर्टिफिकेट दाखवते. अपघात मात्र बरेचदा तिसऱ्या थरात होतात.

दुसरी गोष्ट, सर्टिफिकेटच्या पहिल्या पानावर वेळ घालवू नका, सरळ शेवटच्या जोडपत्राकडे जा. तिथे 'वापराच्या सुरक्षा-अटी' असतात. आमच्याकडे सगळे त्याला 'स्रॅक' म्हणतात. साधारण अशा असतात: रुळांमधल्या टॅगमध्ये (गाडीला तिची जागा कळवणारी चिप) भरलेली माहिती ज्याने भरली त्याच्याखेरीज दुसऱ्याने वाचून ताळा करावा, दोन्ही चॅनेलना (एकच काम समांतर करणारे संगणक) वीजपुरवठा वेगळा असावा, बदललेलं कार्ड चालू करण्याआधी आवृत्ती तपासावी, अर्थिंग ठरलेल्या मुदतीत मोजावं. 'दहा हजार वर्षं' हा आकडा या सगळ्या अटी पाळल्या तरच लागू होतो. माझं तर म्हणणं आहे की स्रॅकची प्रत्येक ओळ कोणाच्या अंगावर आहे, हे नावानिशी लिहिलेलं नसेल तर सर्टिफिकेट आहे की नाही याने काही फरक पडत नाही.

गणितवेडा

छान विषय. 'दहा हजार वर्षं' कुठून येतात ते सांगतो, कारण त्यातच सगळी मेख आहे.

सिल-४ म्हणजे एका सुरक्षा-कार्यासाठी धोकादायक बिघाडाचा सहन होण्याजोगा दर. तो १० कोटी तासांत एकापेक्षा कमी, ते १०० कोटी तासांत एक, या पट्ट्यात हवा. वर्षाचे तास ८,७६०. १० कोटी भागिले ८,७६० = साधारण ११,४०० वर्षं. बातमीतला आकडा हाच. म्हणजे तो पट्ट्याचा खालचा काठ आहे, शिवाय तो *एका* कार्याचा आणि *एका* संचाचा आहे. दहा हजार संच बसवले, तर त्याच हिशोबाने सगळ्या देशात मिळून वर्षाला एकाच्या आसपास येतं.

आता हा दर चाचणीने सिद्ध करता येतो का? एकही बिघाड न होता चाचणी पार पडली आणि ९५ टक्के खात्री हवी असेल, तर हव्या असलेल्या मुदतीच्या तिप्पट काळ चालवावं लागतं. म्हणजे ३० कोटी तास, एका यंत्रावर ३४,००० वर्षं. हजार यंत्रं एकदम लावली तरी ३४ वर्षं. आणि तेवढ्या काळात सॉफ्टवेअरची एक ओळही बदलायची नाही, नाहीतर घड्याळ पुन्हा शून्यावर.

४ मार्च २०२२ ला सिकंदराबादजवळ गुल्लागुडा–चितगिड्डा दरम्यान समोरासमोरची चाचणी झाली, इंजिन ३८० मीटर आधी आपोआप थांबलं. चांगलंच झालं, ब्रेकचं गणित, रेडिओ, टॅग हे सगळं एकत्र चालतं हे त्यातून दिसलं. पण सिल-४ च्या दाव्याला त्यातून आधार किती मिळतो? वरच्या हिशोबात जवळजवळ काहीच नाही.

कोडकरी

मग सॉफ्टवेअरचा दर काढतात तरी कसा? हार्डवेअरच्या भागांचे बिघाडाचे आकडे मिळतात, पण कोड काही झिजत नाही.

गणितवेडा

काढतच नाहीत. तो आकडा हार्डवेअरच्या यादृच्छिक बिघाडांचा. सॉफ्टवेअरमधला दोष 'पद्धतशीर' असतो: ती परिस्थिती आली की दर वेळी चुकणार, नाही आली तर कधीच नाही. म्हणून ईएन ५०१२८ (आता त्याची जागा २०२३ च्या ईएन ५०७१६ ने घेतली) सॉफ्टवेअरसाठी दर मागत नाही. ते पद्धती मागतं: आवश्यकता कशा लिहिल्या, कोणती तंत्रं वापरली, तपासणाऱ्याचं लिहिणाऱ्यापासून स्वातंत्र्य किती, असेसर (स्वतंत्र परीक्षक) प्रकल्पाच्या साखळीबाहेरचा आहे का.

कोणी सॉफ्टवेअरला थेट आकडा लावला तर सावध व्हा. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राच्या फॉल्ट ट्रीमध्ये (बिघाड कशाकशाने होईल याची झाडासारखी आकृती) 'संगणकाने चुकीची ऊर्जा निवडणे' या घटनेला दहा हजार कोटींत एक अशी शक्यता लिहिली होती. त्या आकड्याला आधार कसलाच नव्हता. १९८५ ते १९८७ मध्ये त्या यंत्रामुळे सहा रुग्णांना किरणांचा प्रचंड डोस बसला.

रूटरिले

थेरॅकची आठवण काढलीच आहे तर एक भर. त्याच्या आधीच्या थेरॅक-२० मध्ये स्वतंत्र हार्डवेअर इंटरलॉक (धोक्याच्या स्थितीत यंत्र सुरूच होऊ न देणारे अडसर) होते. सॉफ्टवेअरच्या चुका तिथेही होत्या, पण त्या इंटरलॉकपाशी अडायच्या, म्हणून कोणाच्या लक्षात आल्या नाहीत. नव्या यंत्रात इंटरलॉक काढले आणि 'वापरून सिद्ध झालेलं' सॉफ्टवेअर पुढे आणलं. 'वापरून सिद्ध' हा दावा पुढे आला की पहिला प्रश्न हा विचारायचा: तिथे त्याच्या चुका कोण झाकत होतं?

एक दोष तर डोळ्यांसमोर आणण्यासारखा आहे. सेट-अपच्या फेरीत एक बाइटचा ध्वज '१' ठेवायच्या ऐवजी दर फेरीला एकाने वाढवत होते. बाइट २५५ नंतर शून्य होतो. शून्य म्हणजे 'तपासायची गरज नाही'. त्यामुळे दर २५६ व्या फेरीला तपासणी गळायची, आणि नेमक्या त्या क्षणी ऑपरेटरने 'सेट' दाबलं तर बीम चुकीच्या स्थितीत सुरू. चाचणीत हे सापडणं निव्वळ नशीब. कोड वाचणाऱ्याने मात्र "हा ध्वज आहे, मग यात बेरीज का?" एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

चाचणीस

मोजणी उलटण्याचे दोष वाटतात त्याहून जास्त आढळतात. तपासणीत हे ठरवूनच करावं:

कोडमधल्या प्रत्येक काउंटरची यादी काढायची. रुंदी, एकक, किती वेळात भरतो हे तीन रकाने. मिलिसेकंदाचा ३२ बिटी चिन्हरहित काउंटर ४९.७ दिवसांत भरतो. सेकंदाच्या शंभराव्या भागाचा ३२ बिटी चिन्हासहित काउंटर २४८.५ दिवसांत. बोइंग ७८७ च्या जनरेटर-नियंत्रकात नेमकं असंच निघालं: सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर चारही नियंत्रक एकदम 'फेल-सेफ' मध्ये (बिघाड समजून स्वतःला बंद करून घेणं) जाऊ शकत होते. २०१५ मध्ये ठरावीक मुदतीत वीज बंद-चालू करण्याचा आदेश काढावा लागला. चाचणीसाठी २४८ दिवस बसायचं नाही. काउंटरची सुरुवातीची किंमत कमाल मर्यादेच्या दोन मिनिटं अलीकडे ठेवून यंत्र चालू करायचं आणि उलटताना सगळी आउटपुट नोंदवायची. स्टेशनचं उपकरण वर्षानुवर्षं बंद होत नाही, त्यामुळे आपल्याकडे हे जास्तच लागू.

वेळ मोजण्यात साठत जाणारी चूक हा याचाच भाऊबंद. २५ फेब्रुवारी १९९१ ला दहरानला पॅट्रियट क्षेपणास्त्र-यंत्रणा १०० तास सलग चालू होती. ०.१ सेकंद द्विमान पद्धतीत नेमका लिहिता येत नाही. २४ बिटांत तोडला की दर ठोक्याला अतिसूक्ष्म तूट राहते. १०० तासांत ती ०.३४ सेकंद झाली, येणारं स्कड भलत्याच जागी शोधलं गेलं, २८ सैनिक गेले. दुरुस्त सॉफ्टवेअर तिथे दुसऱ्या दिवशी पोचलं.

कोडकरी

आमच्याकडे (रेल्वे नाही, दुसरं क्षेत्र) शंभर टक्के कव्हरेज (चाचण्यांत सगळा कोड चालून झाला) असलं की तपासणी संपली असं धरतात. एमसी/डीसी (प्रत्येक अट एकटीने निकाल बदलते हे दाखवणाऱ्या चाचण्या) सुद्धा करतो. तेही अपुरं म्हणायचं का?

चाचणीस

एमसी/डीसी उपयोगाचंच आहे, पण त्याला उत्तर कोणत्या प्रश्नाचं मिळतं ते बघा. सिग्नलची एक अट घेऊ: *मार्ग लॉक* आणि (*पॉइंट ११ नॉर्मल-लॉक* किंवा *पॉइंट ११ रिव्हर्स-लॉक*). नॉर्मल आणि रिव्हर्स या पॉइंटच्या दोन स्थिती. ओव्हरलॅप (सिग्नलपुढे मोकळा ठेवायचा तुकडा) दोन बाजूंना वळू शकतो, तेव्हा असं येतं. चार चाचण्या पुरतात:

हो, हो, नाही → सिग्नल मिळतो
नाही, हो, नाही → मिळत नाही
हो, नाही, नाही → मिळत नाही
हो, नाही, हो → मिळतो

प्रत्येक अट एकटी बदलली की निकाल बदलतो हे सिद्ध झालं. कव्हरेज शंभर टक्के. आता समजा या सूत्रात *गेट बंद* (रेल्वे फाटक) ही अट हवी होती आणि ती लिहायचीच राहिली. कव्हरेज तरीही शंभर टक्केच! नसलेल्या ओळीचं कव्हरेज मोजता येत नाही.

म्हणून सिग्नलिंगमध्ये चाचणी कोडवरून काढत नाहीत, रूट कंट्रोल चार्टवरून (कोणत्या मार्गाला कोणत्या अटी हव्यात त्याचा तक्ता) काढतात. तो चार्ट सिग्नलिंग प्लॅनवरून स्वतंत्र माणसाने बनवलेला हवा. पद्धत:

प्रत्येक मार्ग लावायचा, सिग्नल घ्यायचा. मग चार्टमधली एक-एक अट तोडायची: पॉइंटचं डिटेक्शन (तो नीट बसल्याची खूण) काढा, ट्रॅक ड्रॉप करा (रुळावर गाडी असल्यासारखं दाखवा), गेट उघडा, क्रँक हँडल (पॉइंट हाताने फिरवायचा दांडा) बाहेर काढा. दर वेळी सिग्नल लाल झालाच पाहिजे, आणि अट परत जुळवल्यावर तो *आपोआप* पुन्हा हिरवा होता कामा नये. हा दुसरा भाग घाईत सुटतो.

मग परस्परविरोधी मार्ग. २० मार्ग असतील तर २० गुणिले १९ म्हणजे ३८० जोड्या, कारण 'अ नंतर ब' आणि 'ब नंतर अ' या वेगळ्या चाचण्या. चौकोनी तक्ता करून एकेक घर भरायचं. "हे तर उघडच विरोधी आहेत" म्हणून घर रिकामं सोडायचं नाही.

शेवटी अर्धवट अवस्था: मार्ग सुटत असताना ट्रॅक क्षणभर लुकलुकला, पॉइंट फिरत असताना वीज गेली, एक चॅनेल रीस्टार्ट होताना बटण दाबलं. चार्टमध्ये हे नसतं आणि चांगला तपासनीस इथेच कळतो.

मनमाडकर

चार्टवरून फॅक्टरीत केलेली चाचणी सिम्युलेटरवर असते. तिथे 'पॉइंट नॉर्मल' म्हणजे पॅनेलवरचा एक स्विच. प्रत्यक्षात ती माहिती पॉइंट मशीनमधून, लोकेशन बॉक्समधून (रुळाकडेची वायरींची पेटी), गुमटीतून (सिग्नलिंगची खोली), दहा-वीस टर्मिनलं ओलांडून येते. लॉजिकला वास्तव दिसत नाही, फक्त वायर दिसते.

२ जून २०२३, ओडिशातलं बहानगा बाजार स्टेशन. रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा निष्कर्ष असा: स्टेशनच्या उत्तर गुमटीत पूर्वी केलेल्या सर्किट-बदलात आणि फाटक क्रमांक ९४ चं इलेक्ट्रिक लिफ्टिंग बॅरियर बदलण्याच्या कामात त्रुटी राहिल्या. परिणाम असा की अप होम सिग्नल मेन लाइनसाठी हिरवा, आणि १७ए/बी क्रॉसओव्हर (दोन मार्ग जोडणारा सांधा) मात्र लूप लाइनकडे लागलेला. कोरोमंडल एक्स्प्रेस उभ्या मालगाडीवर गेली. २९० हून अधिक माणसं गेली.

त्या मार्गावर 'कवच' नव्हतं. असतं तरी, स्टेशनचं 'कवच' उपकरण सिग्नलची स्थिती इंटरलॉकिंगकडूनच (पॉइंट आणि सिग्नल एकमेकांशी बांधून ठेवणारी यंत्रणा) घेतं. इंटरलॉकिंगला खालून खोटी माहिती आली तर वरचा सिल-४ थर तीच इमानेइतबारे इंजिनापर्यंत पोचवणार.

याच्या जवळपास ३५ वर्षं आधी, १२ डिसेंबर १९८८ ला लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनला ३५ लोक गेले. जुनी वायर एका टोकाला तशीच जोडलेली राहिली, दुसरं टोक कापून बाजूला बांधलं नव्हतं, ते हलून जुन्या टर्मिनलला टेकलं आणि रिलेला चुकीचा पुरवठा मिळाला. तिथे 'वायर काउंट' झाला नव्हता: प्रत्येक टर्मिनलवर किती वायर आहेत ते मोजायचं आणि नकाशाशी जुळवायचं, काम करणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने. बदलानंतर पॉइंट प्रत्यक्ष दोन्हीकडे फिरवून, रुळापाशी उभा असलेला माणूस आणि पॅनेलपाशी बसलेला माणूस यांनी एकमेकांशी बोलून ताळा करायचा. याला दुसरा पर्याय नाही. सॉफ्टवेअरवाले लोक हा भाग 'साइटचं काम' म्हणून सोडून देतात, ते मला अजिबात पटत नाही.

कोडकरी

पण दोन किंवा तीन चॅनेल असतात ना? तीनपैकी दोनांचं एकमत झालं तरच आउटपुट.

गणितवेडा

त्याने हार्डवेअरचा बिघाड पकडला जातो. तिन्हीत एकच सॉफ्टवेअर असेल तर चूकही एकमताने होते. एरियन-५ रॉकेटचं पहिलं, फसलेलं उड्डाण, ४ जून १९९६: ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटी पूर्णांकात कोंबताना मावला नाही. रॉकेटची दिशा मोजणारा राखीव जडत्व-संचही तोच कोड चालवत होता, आणि तो मुख्य संचाच्या ७२ मिलिसेकंद *आधी* बंद पडला होता. आणखी बोचणारी गोष्ट म्हणजे सात चलांपैकी चारांना संरक्षण होतं, तीनांना नव्हतं, कारण प्रोसेसरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. आणि तो कोड उड्डाणानंतर चालण्याची एरियन-५ ला गरजच नव्हती, एरियन-४ मधून तसाच आलेला.

मग वेगवेगळ्या गटांकडून वेगवेगळा कोड लिहून घ्यावा? नाइट आणि लेव्हसन या संशोधकांनी १९८६ मध्ये २७ स्वतंत्र आवृत्त्यांवर दहा लाख चाचण्या चालवून निकाल प्रसिद्ध केला. स्वतंत्र लिहिलेल्या आवृत्त्या योगायोगाने अपेक्षित असते त्याहून कितीतरी जास्त वेळा एकाच इनपुटवर चुकल्या. अवघड जागा सगळ्यांनाच अवघड जाते. विविधतेने फायदा होतो, पण दोन दर गुणून "आता हजारपट सुरक्षित" म्हणता येत नाही.

दुसरी वाट सिद्धतेची. पॅरिस मेट्रोच्या १४ क्रमांकाच्या विनाचालक मार्गिकेचं (१९९८) सुरक्षा-सॉफ्टवेअर बी-मेथडने (कोड गणिताने सिद्ध करत लिहिण्याची पद्धत) झालं: सुमारे १,१५,००० ओळींचं गणिती वर्णन, त्यातून ८६,००० ओळींचा अ‍ॅडा कोड, २७,८०० सिद्धता. त्या भागाच्या युनिट चाचण्या केल्याच नाहीत. पण वर चाचणीस म्हणाले ते इथेही खरं: मूळ वर्णनात गेटची अट नसेल तर सिद्धता चुकीच्या गोष्टीची होईल.

बंदकवाड

आतापर्यंत सगळे अपघाती दोष झाले. कोणी मुद्दाम करत असेल तर?

रेडिओ किंवा इतर संपर्कासाठी ईएन ५०१५९ सात धोके धरतं: पुनरावृत्ती, गाळणं, घुसवणं, क्रम बदलणं, बिघडवणं, उशीर, आणि तोतयागिरी. प्रत्येकापुढे आपला बचाव लिहून तक्ता भरायचा. क्रमांक, वेळेचा शिक्का, कालमर्यादा, पाठवणाऱ्याची ओळख, सुरक्षा-कोड, गुप्तलेखन. 'उशीर' हलका घेऊ नका: १३० च्या वेगाने गाडी सेकंदाला ३६ मीटर जाते, पाच सेकंद जुना संदेश म्हणजे १८० मीटर.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक: ३२ बिटी सीआरसी (संदेशातून काढून त्यालाच जोडलेला तपास-आकडा) दाखवून 'बिघडवणं' आणि 'तोतयागिरी' ही दोन्ही घरं भरणं. योगायोगाने बिघडलेला संदेश त्यातून निसटण्याची शक्यता सुमारे ४३० कोटींत एक, उत्तम. पण हल्लेखोर सीआरसी स्वतः काढून जोडतो. तिथे गुप्त चावीवर चालणारं प्रमाणीकरणच हवं, आणि मग चावी कोण बनवतं, इंजिनात कशी भरतात, किती दिवस चालते, इंजिन दुसऱ्या विभागात गेलं तर काय, हे सगळं सेफ्टी केसमध्ये यायला हवं.

ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडमध्ये वीसहून जास्त गाड्या थांबल्या. तिथल्या जुन्या 'रेडिओ-स्टॉप' यंत्रणेत ठरावीक तीन सूर वाजले की गाडी थांबते. प्रमाणीकरण नाहीच, ज्याच्याकडे साधा ट्रान्समीटर तो थांबवू शकतो.

रूटरिले

गाड्या थांबल्या म्हणजे यंत्रणा सुरक्षित दिशेलाच गेली, असा बचाव यावर लगेच येतो.

बंदकवाड

येतो, आणि तो अर्धाच खरा आहे. गाड्या थांबल्यावर वाहतूक लेखी परवानगीवर, माणसाच्या भरवशावर चालू होते. इंटरलॉकिंग बाजूला पडतं, तेव्हा धोका वाढतो. हॅझर्ड लॉगमध्ये (धोक्यांची नोंदवही) 'यंत्रणा मुद्दाम थांबवली' ही स्वतंत्र नोंद हवी आणि तिच्यापुढे त्या काळातली कार्यपद्धती.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर. २०१७, सौदी अरेबियातल्या पेट्रोकेमिकल कारखान्यावरचा 'ट्रायटन' सायबर-हल्ला. हल्ला थेट सुरक्षा-नियंत्रकावर होता. तो तिहेरी प्रोसेसरचा. हल्लेखोर अभियांत्रिकी संगणकापर्यंत पोचले, आणि नियंत्रकाची चावी 'प्रोग्रॅम' वर राहिली होती, म्हणून बाहेरून कोड लिहिता आला. पकडले गेले ते प्रोसेसरांच्या परस्पर-पडताळणीत फरक पडून कारखाना बंद पडला म्हणून. हल्लेखोरांचा कोड नीट असता तर तिन्ही प्रोसेसर एकमताने चुकीचं वागले असते. चावी कोणत्या स्थितीत आहे ते रोजच्या नोंदीत लिहा आणि ती फिरली की कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजू द्या. खर्च नगण्य.

कोडकरी

पण सुरक्षेचे पॅच? आमच्याकडे महिन्याला येतात. सिल-४ मध्ये एक ओळ बदलली तरी पुन्हा असेसमेंट म्हणता.

बंदकवाड

म्हणून दोन थर वेगळे ठेवायचे. सुरक्षा-लॉजिकच्या पेटीत गुप्तलेखन शक्य तितकं कमी. बाहेर वेगळी संपर्क-पेटी, तिला पॅच द्या, बदला, वाट्टेल ते करा. आतली पेटी बाहेरच्या पेटीवर विश्वास ठेवतच नाही, वरचे सात धोके तिने गृहीतच धरलेले असतात. मग पॅचमुळे बाहेरची पेटी बिघडली तर जास्तीत जास्त गाडी थांबेल. हे पहिल्या आराखड्यात ठरवलं नाही तर नंतर फार महाग पडतं. औद्योगिक यंत्रणांच्या सायबर-सुरक्षेच्या आयईसी ६२४४३ या मानकातली झोन आणि कंड्युइटची (वेगळे कप्पे आणि त्यांना जोडणारे ठरलेले मार्ग) कल्पना याच कामाची.

नोंदी बाहेर पाठवायला एकदिशा डायोड (माहिती फक्त बाहेर जाऊ देणारं उपकरण) वापरा. 'देखभालीसाठी तात्पुरता' लावलेला मोडेम मात्र शोधून काढाच. नकाशात तो कधीच नसतो.

मनमाडकर

स्टेशनवर बसवलेला डेटा तपासलेलाच आहे हे पडताळायची नेमकी रीत कोणी लिहील का? चेकसम (फाइलमधून काढलेला ओळख-आकडा) जुळवणं एवढंच सगळे सांगतात.

चाचणीस

लिहितो.

१. फॅक्टरी चाचणी संपली त्या क्षणी मूळ सॉफ्टवेअर आणि स्टेशनचा डेटा या दोन्हींचे चेकसम *वेगवेगळे* नोंदवायचे, चाचणी-अहवालाच्या प्रत्येक पानावर. नंतरच्या पानावर वेगळा आकडा दिसला तर मध्येच काहीतरी बदललं, आधीची पानं बाद.

२. साइटवर चेकसम कार्डाने स्वतः मोजून दाखवलेला वाचायचा, लॅपटॉपवरच्या फाइलचा नव्हे. सर्व चॅनेलवर, राखीव संचावरही. राखीव संचात जुनी आवृत्ती राहणं ही नेहमीची चूक, आणि ती मुख्य संच बंद पडेल त्या दिवशीच उघडी पडते.

३. कपाटातल्या सुट्या कार्डांचीही हीच तपासणी. त्यांना विसरतात.

४. चेकसम जुळला म्हणजे फाइल तीच आहे, एवढंच. ती फाइल या स्टेशनच्या *आजच्या* नकाशाची आहे का, हे वेगळं बघायचं: डेटावरचा सिग्नलिंग प्लॅनचा क्रमांक आणि सुधारणा-अक्षर, मंजूर प्लॅनशी, आणि मग प्लॅन रुळांशी. फॅक्टरी चाचणी आणि कमिशनिंग यांच्यात महिने गेले असतील तर मधल्या काळात एखादं फाटक, एखादी साइडिंग बदललेली असते.

५. कोणताही ताळा न जुळल्यास काम तिथेच थांबवायचं. "आकडा छापताना चुकला असेल" हे लेखी कारण म्हणून मान्य करायचं नाही. चाचणी पुन्हा करायची. ब्लॉक (कामासाठी गाड्या बंद ठेवलेला वेळ) वाया गेला तरी चालेल.